डिव्हिजन वनमधून थ्रीमध्ये: विद्यापीठाचा क्रीडा विभाग खाली आणताना

अमेरिकेतल्या हार्टफर्ड विद्यापीठाने मे 2021मध्ये एनसीएएचं, म्हणजे तिथल्या कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेचं, सगळ्यात वरचं डिव्हिजन वन सोडून सगळ्यात खालच्या डिव्हिजन थ्रीमध्ये जायचं ठरवलं. पेनसिल्व्हेनियातल्या सेंट फ्रान्सिस विद्यापीठाने मार्च 2025मध्ये तेच केलं. दोन्ही ठिकाणी पुरुषांचा बास्केटबॉल संघ नुकताच राष्ट्रीय स्पर्धा खेळून आला होता, त्यामुळे ‘संघ जिंकतोय, मग आत्ताच का?’ हा प्रश्न सगळ्यांनीच विचारला. अशा बदलाच्या समितीवर तुमचं नाव लागलं असेल, तर हा प्रश्न बाजूला ठेवा आणि आधी हिशेबाची वही उघडा. समित्या फसतात त्या बहुतेक वेळा तिथेच.

डिव्हिजन थ्रीमध्ये खेळाच्या जोरावर स्कॉलरशिप देता येत नाही. म्हणून अहवालात ‘स्कॉलरशिपचे इतके डॉलर वाचले’ अशी ओळ हमखास येते. पण स्कॉलरशिपचा मोठा भाग म्हणजे रोख पैसा नसतोच, ती फीमाफी असते. एक काल्पनिक उदाहरण घ्या. फी 40 हजार डॉलर, पूर्ण स्कॉलरशिपवर 100 खेळाडू. कागदावर 40 लाख डॉलर वाचले. प्रत्यक्षात त्या 100 जागांवर निम्मी फी भरणारे 100 विद्यार्थी आले, तर हाती 20 लाख पडतात. फक्त 40 जण आले, तर 8 लाख. कोणीच आलं नाही, तर फीच्या खात्यात एक डॉलरही वाढत नाही, आणि वसतिगृह रिकामं राहतं ते वेगळंच.

थोडक्यात, थ्रीमध्ये पैसा मिळतो तो फी भरून खेळायला येणाऱ्या मुलामुलींकडून. त्यामुळे तिथला कोच अर्धा प्रवेश अधिकारीच असतो. दरवर्षी अमुक इतके खेळाडू आणायचे, असा आकडा त्याच्या कामात धरलेला असतो. अमेरिकन फुटबॉलसारख्या खेळात शंभराच्या आसपास मुलं सहज सामावतात. अलाबामातल्या बर्मिंगहॅम-सदर्नने 2006मध्ये थ्रीचा रस्ता धरला आणि 2007मध्ये फुटबॉल सुरू केलं. पण हेही ध्यानात ठेवा की पुढे आर्थिक ओढाताणीत ते कॉलेज 31 मे 2024ला बंद पडलं. त्याच आठवड्यात त्यांचा बेसबॉल संघ डिव्हिजन थ्रीच्या राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या आठ संघांमध्ये खेळत होता. मूळ ताळेबंद तुटीत असेल, तर डिव्हिजन बदलून तो सावरत नाही.

जाणारा पैसाही त्याच पानावर मांडा. डिव्हिजन वनमधून मिळणारा एनसीएएचा वाटा जातो. बलाढ्य विद्यापीठांच्या मैदानावर खेळायला जाण्याबद्दल मिळणारे चेक थांबतात. चालू कॉन्फरन्स (आपापसात नियमित सामने खेळणाऱ्या कॉलेजांचा गट) सोडण्याचा दंड आणि करार शिल्लक असलेल्या कोचची भरपाई हे एकदाचे खर्च असतात, पण पहिल्या दोन वर्षांची बचत ते खाऊन टाकू शकतात.

हिशेब जमला, की पहिला फोन एनसीएएला नाही, कॉन्फरन्सला करायचा. सामावून घेणारी कॉन्फरन्स नसेल, तर पुढचं सगळंच अवघड होतं. निवडताना नावापेक्षा नकाशा बघा. थ्रीचे बरेच सामने मंगळवार-बुधवारी असतात आणि प्रवास बसने. एका बाजूचा प्रवास तीन-साडेतीन तासांच्या वर गेला, की मुलं रात्री दीडला परततात आणि सकाळच्या लॅबला येत नाहीत. सेंट फ्रान्सिसने प्रेसिडेंट्स अ‍ॅथलेटिक कॉन्फरन्स निवडली, तिची बहुतेक कॉलेजं पश्चिम पेनसिल्व्हेनिया आणि आसपासचीच आहेत.

मग संघांची मोजणी. डिव्हिजन वनला किमान 14 खेळ लागतात. थ्रीमध्ये 1000पेक्षा जास्त विद्यार्थी असतील तर पुरुषांचे 6 आणि महिलांचे 6, त्याहून कमी असतील तर 5 आणि 5. शिवाय शरद, हिवाळा, वसंत या तिन्ही हंगामांत दोघांचाही खेळ हवा. आकडा कमी दिसला म्हणून लगेच संघ कापायला निघू नका. एक तर प्रत्येक संघ फी भरणारे विद्यार्थी आणतो. दुसरं, शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला बंदी घालणारा 1972चा टायटल नाइन कायदा डिव्हिजन बघत नाही. महिलांचा एखादा संघ घाईने बंद केला, की दावा दाखल झालाच म्हणून समजा.

वेळापत्रक चार-पाच वर्षांचं धरा. आधी चाचपणीचं वर्ष, मग तीन वर्षांचा संक्रमणकाळ. हार्टफर्डने 2021मध्ये ठरवलं, पण पूर्ण सदस्यत्वासाठी सप्टेंबर 2025 उजाडला. मधला काळ सगळ्यात अवघड. 2022-23मध्ये हार्टफर्डचे संघ जुनी कॉन्फरन्स सोडून आणि नवीत खेळायला लागायच्या आधी स्वतंत्र म्हणून खेळले. असं वर्ष आलं, तर सामने एकेक फोन करून जुळवावे लागतात आणि घरच्या मैदानावरचे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके मिळतात. संक्रमणात एनसीएएच्या राष्ट्रीय स्पर्धा बंद असतात. कॉन्फरन्सच्या स्पर्धेत खेळू देणार का, हे आधीच लेखी विचारून घ्या.

घोषणेची तारीख हा स्वतंत्र विषय आहे. खेळाडूंना बातमी पत्रकारांकडून कळली, की पुढच्या चार वर्षांचा विश्वास गेला. एकाच दिवशी, या क्रमाने सांगा: कोच, खेळाडू, पालक, देणगीदार, मग प्रसिद्धिपत्रक. दुसरी जागा शोधायला वेळ मिळेल अशा बेताने सांगा, म्हणजे ट्रान्सफरची, दुसऱ्या कॉलेजात जाण्यासाठी नाव नोंदवायची, मुदत सुरू व्हायच्या आधी. 2024पासून अभ्यासात पात्र असलेल्या खेळाडूला दुसरीकडे जाऊन लगेच खेळता येतं, त्यामुळे चांगले खेळाडू जाणारच. त्यांना अडवू नका. यादी अर्धी होईल असं धरून पुढच्या वर्षीची भरती आजच सुरू करा, नाहीतर संघ मैदानात उतरवण्याइतकीही मुलं उरत नाहीत.

जे थांबतात त्यांची स्कॉलरशिप कोणत्या तारखेपर्यंत चालू राहील, ते प्रत्येकाला नावानिशी पत्राने कळवा. त्यानंतरची मदत गुणवत्तेवर किंवा गरजेवरच देता येते, तीही इतर विद्यार्थ्यांना लावलेल्याच निकषांवर. क्रीडा विभागातल्या कोणाचाही त्या निर्णयात हात नको. ‘नेतृत्व शिष्यवृत्ती’ म्हणून संघाच्या कर्णधाराला काही सरकवण्याचा मोह टाळा. खेळाडूंना मिळालेली मदत बाकीच्या विद्यार्थ्यांच्या मदतीशी दरवर्षी ताडून पाहिली जाते, आणि तफावत दिसली की खुलासा मागतात.

स्कॉलरशिप एकदम सोडवत नसेल, तर डिव्हिजन टू आहे. तिथे मर्यादित स्कॉलरशिप चालते आणि 10 खेळ पुरतात. जॉर्जियातलं सव्हाना स्टेट 2019मध्ये वनमधून तिकडेच गेलं. सरकारी विद्यापीठांना हा मार्ग जास्त मानवतो, कारण त्यांची फी मुळात कमी असते आणि थ्रीचं फीवर चालणारं गणित तिथे तितकं बसत नाही.

पुण्या-मुंबईहून टेनिससाठी गेलेल्या मुलांचं प्रकरण वेगळं हाताळावं लागतं. त्यांच्या आय-ट्वेंटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठाने दिलेल्या फॉर्मवर, पैसा कुठून येणार हे लिहिलेलं असतं. खेळाची स्कॉलरशिप गेली, की ती नोंद बदलायला हवी आणि फरकाच्या रकमेचा पुरावा जोडायला हवा. अमेरिकन सरकारची गरजेवरची मदत त्यांना मिळत नाही. म्हणून घोषणेच्या आठवड्यातच या मुलांची यादी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडे द्या. सत्र संपताना दिली, तर घरून बँकेची कागदपत्रं मागवण्यातच सुट्टी निघून जाते.