गेमिंग आणि संगणकासाठी महागडा टीव्ही घेताना

मुंबईत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या लॅमिंग्टन रोडवर जा किंवा मॉलमधल्या शोरूममध्ये, समोर चालणारा डेमो व्हिडिओ मुद्दाम भडक रंगांचाच असतो. टीव्हीला संगणक जोडायचा असेल, तर त्यावरून काहीच ठरवू नका. खरी परीक्षा अक्षरांची.

सुरुवात घरातून करा. टेप घ्या आणि डोळ्यांपासून पडद्यापर्यंतचं अंतर मोजा. ४के म्हणजे ३८४० बाय २१६० ठिपके, पडदा केवढाही असो. ४२ इंचांत ते इंचाला साधारण १०५ बसतात, ५५ इंचांत ८०च. टेबलावर अडीच-तीन फुटांवरून काम करायचं असेल तर ४२ इंच घ्या, फार तर ४८. मुंबईतल्या फ्लॅटमध्ये टेबल जेमतेम दोन फूट खोल असतं, तेव्हा टीव्ही भिंतीवर लावलेला बरा. हॉलमध्ये सोफ्यावरून खेळणाऱ्यांनी खुशाल ५५ किंवा ६५ घ्यावा. फक्त खोका उभा ठेवून लिफ्टमध्ये मावतो का, ते आधी बघा.

मग पोर्ट. ४केमध्ये १२० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १२० चित्रं, हवी असतील तर एचडीएमआय २.१ लागतं, त्याची क्षमता सेकंदाला ४८ गिगाबिटपर्यंत जाते, जुन्या २.०ची १८. अनेक महागड्या टीव्हींतही चारपैकी दोनच पोर्ट या वेगाचे असतात आणि बऱ्याचदा त्यातलाच एक साउंडबारचा, म्हणजे टीव्हीचा आवाज बाहेर पाठवणारा ईआर्कचा असतो. प्लेस्टेशन ५, संगणक आणि साउंडबार तिन्ही असतील तर तिथेच अडकायला होतं. म्हणून विक्रेत्याच्या शब्दावर न जाता कंपनीच्या साइटवर प्रत्येक पोर्टची माहिती वाचा. व्हीआरआर, म्हणजे गेमच्या वेगाशी पडद्याचा वेग जुळवणारी सोय, आहे ना, तेही पाहा. ‘मोशन रेट २४०’ वगैरे आकडे सोडून द्या, पॅनेलचा मूळ रिफ्रेश रेट, म्हणजे खरे हर्ट्झ, विचारा. ग्राफिक्स कार्डालाही २.१ हवं, आणि केबल ‘अल्ट्रा हाय स्पीड’ लिहिलेली.

पॅनेल निवडताना घरातल्या सगळ्यांचा विचार करा. खेळण्यासाठी ओएलईडीला, म्हणजे ज्यात प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो त्या पॅनेलला, तोड नाही: काळा रंग खरोखर काळा, आणि ठिपके क्षणात बदलतात. पण एकच स्थिर चित्र महिनोन्महिने तासन्‌तास राहिलं तर त्याचा डाग कायमचा पडू शकतो. दिवसभर एक्सेल, संध्याकाळी आईच्या मालिका, रात्री बातम्यांची पट्टी असं सगळं एकाच टीव्हीवर चालणार असेल, किंवा खिडकी पश्चिमेला असून दुपारचं ऊन थेट पडद्यावर येत असेल, तर मी मागून बारीक दिव्यांनी उजळणारा मिनी-एलईडीच सुचवेन.

आता लॅपटॉप आणि केबल घेऊन दुकानात जा. तो ६० हर्ट्झच देत असला तरी चालेल. टीव्हीच्या इनपुटला ‘पीसी’ हे नाव द्या, गेम मोड लावा आणि बारीक अक्षरांतला मराठी मजकूर उघडा. रफार, अनुस्वार, ‘कृ’चा ऋकार, ‘ष्ट्य’सारखं जोडाक्षर स्वच्छ दिसतंय का? मग गडद निळ्यावर लाल अक्षरं लिहा. ती फिसकटली तर रंगांची माहिती कापली जातेय. सेटिंगमध्ये ४:४:४, म्हणजे रंगांची पूर्ण माहिती, मिळतं का बघा. काही ओएलईडींत ठिपक्यांच्या वेगळ्या रचनेमुळे अक्षरांना रंगीत कडा दिसतात. कुणाला त्या जाणवतात, कुणाला नाही, त्यामुळे स्वतःच्या डोळ्यांनीच ठरवा.

जोडणीपूर्वी सॉकेटला अर्थिंग आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. बऱ्याच जुन्या इमारतींत ते नसतं आणि एचडीएमआय पोर्ट जळू शकतो. ओएलईडी घेतलात तर टास्कबार आपोआप लपेल असा ठेवा, वॉलपेपर काळा लावा. आणि रात्री भिंतीवरचं बटण बंद करायची सवय मोडा: टीव्ही रिमोटने बंद केल्यावर स्टँडबायमध्ये असताना पॅनेल स्वतःची दुरुस्ती करत असतं, वीज तोडली की ती राहून जाते.