पहिलाच सिंथ आणि तोही जुना? मग या चुका टाळा

गणपती-नवरात्रीच्या सुपाऱ्यांचे पैसे हातात पडले की दरवर्षी दोन-तीन पोरांचे फोन येतात. "दादा, ज्युनो (रोलँड कंपनीचा जुना सिंथ) मिळतोय, घेऊ का?" असं विचारणारे कमी. "दादा, घेतला, काल मस्त वाजत होता, आज बोंबलला" असं सांगणारेच जास्त. मी काही दुरुस्तीवाला नाही. कीबोर्ड वाजवतो, सोल्डरिंग गन धरता येते आणि नाही म्हणता येत नाही, एवढंच. पण जुना सिंथ, म्हणजे विजेवर आवाज तयार करणारा सिंथेसायझर कीबोर्ड, घेताना होणाऱ्या त्याच त्याच चुका बघून आता कंटाळा आलाय, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

पिन बसली म्हणजे व्होल्टेज बसलं असं नाही

जुने सिंथ चांगल्या अवस्थेत मिळतात ते बरेचदा जपानमधले. अंगावर ओरखडा नाही, बटणं कडक, फोटोत बघून जीव जातो. पण जपानमध्ये वीज १०० व्होल्टची आणि आपल्याकडे २३०.

विक्रोळीच्या एका पोराने असाच यामाहा डीएक्स७ घेतला. १९८३ साली आलेलं मॉडेल, पण नव्यासारखा लखलखीत. मागे दोन चपट्या पिनांची वायर. पठ्ठ्याने खालच्या दुकानातून तीस रुपयांचा पिन-कन्व्हर्टर आणला, पिन घुसवली, बटण दाबलं. डिस्प्ले क्षणभर उजळला आणि फट्. इथपर्यंत फक्त फ्यूज गेला होता, म्हणजे फ्यूजने आपलं काम चोख केलं होतं. मला तेव्हा फोन केला असता तर बहुधा थोडक्यात निभावलं असतं. पण शनिवारी कार्यक्रम होता, साहेबांना घाई. चाळीतल्या वायरमनला बोलावलं. त्याने घरच्या मीटरवर करतात तसं केलं, फ्यूजच्या जागी तांब्याची तार पिळली. पुन्हा बटण. या वेळी धूर.

माझ्याकडे आला तेव्हा म्हणाला, "दादा, पॉवरचं बटण खराब असेल बहुतेक." झाकण उघडलं तर जळक्या वार्निशचा वास, ट्रान्सफॉर्मर काळा पडलेला. लॅमिंग्टन रोडच्या आतल्या गल्लीत वाइंडिंग करून देणारा एक म्हातारा कारागीर आहे, त्याच्याकडून नवा बांधून घेतला. तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत पोराने मला रोज फोन केला.

तेव्हा आधी मशीनच्या मागची पट्टी वाचा. तिथे १०० लिहिलं असेल तर स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागणार. दुकानदार नुसतं मागितलं की ११० चा हातात ठेवतो, "चालतंय साहेब" म्हणतो. आमच्या बिल्डिंगमध्ये रात्री मीटर लावला तर २४५ व्होल्ट दाखवतो. मग तोच ११० चा ट्रान्सफॉर्मर ११७ सोडतो, म्हणजे शंभरावर सतरा जास्त. चाळिशीतल्या मशीनला हा जाच कशाला? मी १०० चाच बांधून घेतो, आणि तोही दोन वेगळ्या वाइंडिंगचा. एकाच वाइंडिंगवर चालणारा स्वस्तातला ऑटो ट्रान्सफॉर्मर मी दारातही ठेवत नाही.

पाच मिनिटं वाजवून पैसे मोजणं

ही माझी दुसरी दुखती नस. विकणारा मशीन तयार ठेवतो, तुम्ही दोन कॉर्ड वाजवता, आवाज भरीव करणाऱ्या कोरस इफेक्टचं बटण दाबता, डोळे पाणावतात, पैसे जातात.

रोलँड ज्युनो-१०६ घ्या. १९८४ चं मशीन, एका वेळी सहा स्वर. प्रत्येक स्वराचा फिल्टर, म्हणजे आवाजाची धार कमी-जास्त करणारा भाग, ८००१७ए नावाच्या एका मॉड्यूलमध्ये असतो आणि ते मॉड्यूल काळ्या राळेत बुडवलेलं असतं. वय झालं की ती राळच दगा देते, तिच्यातून करंट झिरपायला लागतो. मग सहापैकी एक स्वर कडकडतो, नाहीतर दबतो, नाहीतर बोट उचललं तरी मागे रेंगाळत राहतो. तुम्ही तीन बोटांचा कॉर्ड वाजवलात आणि दुखणं पाचव्या स्वरात असलं तर कळणार कसं?

'की ट्रान्सपोज' दाबून धरून मशीन चालू करा. टेस्ट मोड लागतो आणि कितवा स्वर वाजतोय तो आकडा डिस्प्लेवर येतो. एकेक करून सहाही ऐका. मग चहा मागवा, अर्धा-पाऊण तास मशीन तापू द्या आणि पुन्हा सहाही ऐका. विकणारा "मला निघायचंय" म्हणाला तर तुम्हीही निघा. मी अंबरनाथपर्यंत जाऊन रिकाम्या हाताने परत आलोय, दोनदा. त्या दोन्ही संध्याकाळी वाया गेल्या असं मला आजही वाटत नाही.

कोरस लावल्यावर जो सूं आवाज येतो, तो मात्र बिघाड नाही. ज्युनो तसाच असतो. त्यावरून भाव पाडायला जाऊ नका, हसं होईल.

बाकीच्या, भराभर

मिडी आहे का न बघता घेणं. मिडी म्हणजे सिंथ एकमेकांना किंवा कॉम्प्युटरला जोडायची सगळ्या कंपन्यांची सामायिक पद्धत, ती आली १९८३ मध्ये. ज्युनो-६० त्याच्या आदल्या वर्षीचा, त्याला डीसीबी नावाची रोलँडची स्वतःची जोडणी आहे. तुमची मिडी केबल त्याच्यात जाणारच नाही, वेगळा कन्व्हर्टर लागेल.

सगळं बजेट खरेदीतच उडवणं. मी चौथा हिस्सा बाजूला काढतो आणि तो गेलाच असं धरून चालतो.

आतली बॅटरी विसरणं. डीएक्स७ मध्ये ती बोर्डावर सोल्डर केलेली असते. ती संपली की ३२ आवाज गायब आणि डिस्प्लेवर अगम्य अक्षरं. बदलायच्या आधी आवाज कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. कोर्ग पॉलिसिक्स बघत असाल तर झाकण उघडून बघितल्याशिवाय बोलणीच नको, त्याची बॅटरी गळते आणि खालचा बोर्ड खाते.

रोलँड जेडी-८०० च्या पट्ट्यांखालचा लाल गोंद वितळून ओघळतो. मुंबईच्या मे महिन्यात काय होत असेल ते सांगायला नको.

नॉब खरखरला की गंजाचा स्प्रे मारणं. तो बिजागऱ्यांसाठी आहे. कॉन्टॅक्ट क्लीनर वेगळा मिळतो, तो आणा.

आणि रील बघून टीबी-३०३ च्या, म्हणजे रोलँडच्या बेस वाजवणाऱ्या छोट्या सिंथच्या, मागे लागणं. हिंदी चित्रपटसंगीतातले वादक चरणजीत सिंग यांनी १९८२ मध्ये याच मुंबईत ते मशीन रागांना लावून दाखवलं, मान्य. पण तेव्हा ते बाजारात नुकतंच आलेलं होतं. त्यांनी समोर होतं ते नवं यंत्र घेतलं आणि त्यातून स्वतःचं काहीतरी काढलं. तुम्हाला त्यांचाच आवाज हवाय, तोही आजच्या भावाने. डीएक्स७ हवा असणाऱ्यांना मी आधी डेक्स्ड नावाचं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर उतरवायला लावतो. फुकट आहे, डीएक्स७ चेच आवाज त्यात भरता येतात. सहा महिन्यांत स्वतःचा एकही आवाज बनवला नाही तर खरा डीएक्स७ घेऊन काय, इलेक्ट्रिक पियानोचा एक प्रीसेटच वाजवणार ना?

पावसाळा

विकणाऱ्याला माझा पहिला प्रश्न हाच असतो: पावसाळ्यात मशीन कुठे होतं? माळ्यावर, पलंगाखाली, कार्यक्रमवाल्याच्या टेम्पोत? मुंबईतलं जुनं मशीन म्हणजे तीसेक पावसाळे आणि खारा वारा. मागचे जॅक आणि स्क्रू बघा. तिथे हिरवट थर किंवा गंज दिसला तर आत त्याहून जास्त आहे.

घरी आणल्यावर प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवणारे तर माझ्या डोक्यातच जातात. दमट हवा आत कोंडते आणि बुरशी धरते. मी आईची जुनी सुती साडी घालतो, केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाकतो आणि जून ते सप्टेंबर दर रविवारी तासभर मशीन चालू ठेवतो, वाजवायचं नसलं तरी.