उपग्रह का फिरवतात हे सांगताना या चुका टाळा

डिसेंबर आला की आमच्या सिंधुदुर्गात शाळाशाळांतून विज्ञान प्रदर्शनाची धांदल उडते, आणि कुठल्या तरी टेबलावर भोवरा असतोच. शेजारी पाटी: 'उपग्रह असाच स्थिर राहतो'. परीक्षक म्हणून गेलो की मी तिथेच अडतो.

एकदा एका पोराने मलाच विचारलं, "सर, भोवरो शेवटाक डुलान पडता, मग उपग्रह कित्याक पडणा नाय?" प्रश्न रास्त होता. भोवरा आरीवर उभा असतो. वजन त्याला पाडायला बघतं, जमिनीचं घर्षण त्याची गती खातं. उपग्रहाखाली जमीनच नाही. त्याला स्वतःभोवती फिरवतात ते पडू नये म्हणून नव्हे, त्याचं तोंड भलतीकडे वळू नये म्हणून. सूर्यप्रकाशाचा अगदी हलका दाब, पृथ्वीचं चुंबकत्व, इंजिनाचा किंचित वाकडा रेटा, एवढ्यानेही न फिरणारं यान हळूहळू वळत जातं. फिरणाऱ्या यानाजवळ कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा जोर असतो, त्यामुळे तेवढाच धक्का त्याचा अक्ष जेमतेम कलवतो. म्हणून पाटीवर 'पडत नाही' लिहू नका.

सगळ्यात महागडी चूक मात्र अक्षाची. 'फिरवलं की स्थिर' असं सरसकट सांगितलं जातं. अमेरिकेचा पहिला उपग्रह एक्सप्लोरर-१, ३१ जानेवारी १९५८ रोजी सोडलेला, पेन्सिलीसारखा लांबट होता: सुमारे २ मीटर लांब, १५ सेंटिमीटर जाड. त्याला लांबीच्या अक्षाभोवती मिनिटाला ७५० फेऱ्या दिल्या होत्या. काही तासांतच तो आडवा होऊन कोलांट्या घेऊ लागला. त्याच्या चार लवचिक अँटेना हलत होत्या, त्या हलण्यात ऊर्जा उष्णता होऊन जात होती. संवेग तेवढाच राहिला आणि ऊर्जा घटत गेली, तर वस्तू शेवटी ज्या अक्षाभोवती तिचं जडत्व, म्हणजे फिरवायला होणारा विरोध, सर्वांत जास्त, त्याच अक्षावर येते. पेन्सिलीसाठी तो आडवा अक्ष. म्हणूनच पुढे फिरते उपग्रह बसकट, डब्यासारखे होऊ लागले.

हे घरी दाखवायचं तर जाड पुस्तक रबरबँडने बांधून उडवा. चपट्या बाजूने गरगरवलं तर नीट फिरतं, मधल्या अक्षावर हमखास पलटी खातं. लांबीच्या अक्षावरही नीट वाटतं, पण ते सेकंदभरच हवेत असतं. एक्सप्लोररकडे तास होते. आणि आत पाणी गुडगुडणारा नारळ खळ्यात गरकन फिरवून बघा. पाणी मागे राहतं, नारळ लवकर मंदावतो. यानाच्या टाकीत हेलकावणारं इंधनही असंच ऊर्जा खातं.

'सगळेच उपग्रह स्थिर राहायला स्वतःभोवती फिरतात' हेही लिहू नका. चांद्रयान-३ फिरकीवर स्थिर नव्हतं. अशी यानं आतली चाकं आणि छोटे थ्रस्टर (वायूचा झोत सोडणारी छोटी इंजिनं) वापरून तोंड सांभाळतात. फिरणाऱ्या यानावरून एका जागी रोखून फोटो काढणं कठीण. अमेरिकेचं पायोनियर-१० (१९७२) हे यान मिनिटाला सुमारे ४.८ फेऱ्या घेत गेलं. फिरकीचा अक्ष पृथ्वीकडे, म्हणून मोठी अँटेनाही पृथ्वीकडेच. गुरूचे फोटोही त्याने त्याच फिरकीतून पट्टीपट्टीने टिपले! आपला आर्यभट्ट (१९७५) सुद्धा फिरताच होता.

मॉडेल डगमगतंय? लगेच मोटार बदलू नका. गॅरेजवाला टायर बॅलन्स करताना रिमला शिशाचे तुकडे लावतो, तसंच फिरणाऱ्या यानालाही सोडण्याआधी वजनं लावून तोलतात. पुठ्ठ्याच्या उपग्रहाची बॅटरी बहुतेक वेळा एकाच कडेला चिकटवलेली असते. ती मधोमध आणा, नाहीतर तिच्या समोरच्या बाजूला थोडी मातीची गोळी लावून बघा.