या चुका टाळा: ट्रेनिंग संपलं हे कुत्र्याला कळायला पायजे

आमचा काळू "बस" म्हटलं की बसायचा, आणि सेशन संपलं की मी म्हणायचो "बास". आपल्याला दोन शब्द वेगळे वाटतात पण कुत्र्याच्या कानाला जवळपास एकच, त्यामुळं मी घराकडं वळायचो आणि हा मागं तसाच बसलेला, शेपटीनं माती झाडत, नजर माझ्या खिशावर. मी त्याला हट्टी म्हणत होतो, तो बिचारा सांगितलेलंच करत होता!

तर पहिली चूक हीच. शेवटाचा शब्द एकदम वेगळा ठेवा, आम्ही "सुट्टी" ठेवलाय. "ओके" नको, "चल" पण नको, ते आपण दिवसभर फोनवर म्हणतच असतो.

मधला ब्रेक आणि पूर्ण शेवट याला एकच शब्द वापरू नका. ब्रेकला आमचं "मोकळा", म्हणजे उठ, वास घे, फिर, पण काम अजून आहे. "सुट्टी" म्हटल्यावर मात्र चिकनचे चार-पाच तुकडे गवतात टाकायचे, रिकामे तळहात दाखवायचे आणि खाऊचा पाऊच बंद. नंतर तो नाकानं ढोसू दे नाहीतर भुंकू दे, एक तुकडा द्यायचा नाही, कारण एकदा दिला की भुंकलं की मिळतं हेच तो शिकणार. सुरुवातीला जरा जास्तच मागं लागतोय, तेवढं सोसा.

रंकाळ्यावर सकाळी हे लई बघतो, कुत्र्याला "थांब" सांगितलंय आणि तेवढ्यात कोण ओळखीचं भेटलं की मालक गप्पात रंगला, कुत्रं वाट बघून बघून आपलं आपण उठतं आणि वर ओरडा खातं. अहो, बोलायच्या आधी "मोकळा" म्हणा की.

पट्ट्याचं पण तसंच. पट्टा लावला म्हणजे मजा संपली हे त्याच्या डोक्यात बसलं की हाक मारली तरी लांबच उभं राहतंय. बंद आवारात खेळताना मधेच बोलवा, पट्टा अडकवा, खाऊ द्या, परत सोडा, असं रोज चार-पाचदा.

आणि सेशन ताणू नका, 3 ते 5 मिनिटं भरपूर झाली. जांभया, खाजवणं, उगंच जमीन हुंगणं सुरू झालं म्हणजे उशीर झालाय. नवीन काही जमत नसलं तर चिडून पाठ फिरवू नका, एखादं सोपं "बस" करून घ्या, खाऊ द्या आणि मग सुट्टी.