'तो काल आला होता' आणि माझं बी.एड.

बी.ए.ला इंग्रजी स्पेशल घेतलं तेव्हा गावात सगळ्यांचा एकच प्रश्न, "मग आता फाडफाड बोलत असशील?" कुठलं काय! कोरेगावकडच्या एसटीनं रोज साताऱ्यात यायचं, शोकांतिकेची व्याख्या नि रोमँटिक कवींची वैशिष्ट्यं गाईडमधून पाठ करायची आणि पेपरात उतरवायची, यात तीन वर्षं गेली. मार्क बरे पडले. पण चाळीस पोरांसमोर सलग पाच वाक्यं इंग्रजीत बोलायची वेळ बी.एड.ला आली आणि तेव्हा पाय लटपटले. तुम्ही आत्ता एफ.वाय. किंवा एस.वाय.ला असाल आणि पुढे इंग्रजी शिकवायचं मनात असेल, तर माझ्याकडून जे राहून गेलं ते सांगते.

भाषाविज्ञानाचा पेपर मार्क देणारा म्हणून सगळे घेतात. मीही घेतला. इंग्रजीचे ४४ ध्वनी, २० स्वर, २४ व्यंजनं, सगळं तोंडपाठ. तोंडातून काढून मात्र एकही पाहिला नाही. खरं तर आपल्याला घरचीच मदत आहे. 'जेवण'मधला ज आणि 'जरा'मधला ज वेगळा, हे आपल्या जिभेला लहानपणापासून ठाऊक असतं. झेब्र्याचा उच्चार त्या दुसऱ्या ज च्या शेजारचाच. अडतं ते व्हाइन आणि वाइनमध्ये. वेलीच्या व्हाइनला वरचे दात खालच्या ओठाला लागतात, दारूच्या वाइनला नुसते ओठ गोल होतात. आरशासमोर उभं राहून करून बघा, घरचे हसले तर हसू द्या.

बी.एड. २०१५पासून दोन वर्षांचं झालंय. सीईटी म्हणजे प्रवेश परीक्षा द्यावी लागते, मग सुरू होतं सूक्ष्म अध्यापन. सहा मिनिटांचा पाठ, एकच कौशल्य, आणि समोर विद्यार्थी म्हणून आपलेच वर्गमित्र, ज्यांना उत्तरं आधीच माहीत! हे नाटक मला फार काळ खोटंच वाटायचं. तरी प्रश्न विचारून गप्प कसं बसायचं, एवढं त्यातून शिकले. खरं शिक्षण शाळेतल्या आंतरवासितेत, म्हणजे इंटर्नशिपमध्ये होतं. ती एकूण २० आठवडे असते, पहिल्या वर्षी चार आणि दुसऱ्या वर्षी सोळा. तिथे हजेरी ९० टक्के लागते, दांड्या मारायची सोय नाही.

आठवीच्या वर्गात माझा सराव पाठ होता. पाठ टाचण (तासाचा लेखी आराखडा) सुबक, तक्ता रंगीत. एका मुलानं वहीत लिहिलं, 'ही हॅड कम यस्टर्डे.' 'ही केम' हवं म्हणून मी लाल रेघ मारली. तो म्हणाला, "मॅडम, 'तो काल आला होता' म्हणजे असंच ना?" मला उत्तर सुचेना. मागच्या बाकावर बसलेल्या निरीक्षकांनीही वहीत शेरा दिला तो 'फलकलेखन सुधारा' एवढाच.

घरी जाऊन विचार केला. आपण 'आला होता' म्हणतो तेव्हा तो आला आणि आता इथे नाही, एवढंच बहुतेक वेळा सुचवायचं असतं. इंग्रजीतल्या 'हॅड'ला मात्र भूतकाळातलीच आणखी एक घटना लागते, जिच्या आधी हे घडलं. पोरगं चुकलं नव्हतं, मराठीत बरोबर विचार करत होतं.

त्या दिवसापासून दोन रकान्यांची वही केली. डावीकडे मराठी वाक्य, उजवीकडे मुलांचं इंग्रजी. 'त्याला विचारलं' म्हणून 'आस्क्ड टू हिम'. 'तिच्याशी लग्न केलं' म्हणून 'मॅरीड विथ हर'. 'विषयावर चर्चा' म्हणून 'डिस्कस अबाउट'. इंग्रजीत इथे टू, विथ, अबाउट लागतच नाहीत. ही वही मला कुठल्याही गाईडपेक्षा जास्त कामी आली.

साताऱ्याच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेब आंबेडकरांचं नाव दाखल झालं, ते इंग्रजी पहिलीच्या वर्गात. तेव्हा मुलं आधी मराठी शिकून मग इंग्रजीकडे वळायची. राज्यात २०००पासून पहिलीलाच इंग्रजी आलं, तरी आठवीत 'हॅड कम' येतंच.

अध्यापन पद्धतीच्या पेपरात भाषांतर पद्धतीला नावं ठेवायची आणि प्रत्यक्ष पद्धतीचं, म्हणजे मराठी न वापरता थेट इंग्रजीतून शिकवण्याचं, कौतुक करायचं, असा रिवाज आहे. तोंडी परीक्षेत तसंच बोला. वर्गात मात्र अडलं की मराठीतलं एक वाक्य बोलायला लाजू नका. मला सगळ्यात भावलं ते बंगळूर प्रकल्पाचं काम. एन. एस. प्रभूंनी १९७९ ते १९८४ या काळात व्याकरण समोर न ठेवता मुलांना छोटी कामं देऊन इंग्रजी शिकवलं, त्यात रेल्वेचं वेळापत्रकही होतं. मी सातारा स्टँडवरून स्वारगेटच्या गाड्यांच्या वेळा उतरवून आणल्या आणि 'अकराच्या आत पुण्यात पोचायचंय, कोणती गाडी धरू?' हे इंग्रजीत सोडवायला दिलं. एरवी गप्प बसणारी पोरंही भांडायला लागली. अर्धं भांडण मराठीत झालं, चालायचंच.

पुढचं थोडक्यात. कॉलेजात शिकवायचं असेल तर एम.ए.ला ५५ टक्के, मग सेट किंवा नेट ही प्राध्यापक पात्रता परीक्षा. पहिली ते आठवीसाठी टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. प्रश्न दीडशे, खुल्या गटाला पास व्हायला ६० टक्के. त्यात मराठी आणि इंग्रजी घेतल्या तर दोन्ही भाषांना तीस-तीस प्रश्न असतात. माझी वही तिथेही उपयोगी पडली, आणि गंमत म्हणजे इंग्रजीपेक्षा मराठी व्याकरणाला जास्त.