वर्गात कादंबरीचं प्रकटवाचन आणि दुसऱ्या वर्गाशी जोडणी: नव्याने सुरू करणाऱ्या शिक्षकांसाठी

रोज पंधरा-वीस मिनिटं वर्गाला कादंबरी वाचून दाखवायची आणि तीच कादंबरी ऐकणाऱ्या दुसऱ्या शाळेतल्या वर्गाशी आठवड्यातून एकदा तिच्याबद्दल बोलायचं, एवढाच हा उपक्रम. पर्निल रिप या शिक्षिकेने २०१० मध्ये अमेरिकेतून ‘ग्लोबल रीड अलाउड’ सुरू केला तेव्हाही साचा असाच साधा होता: एक पुस्तक, ऑक्टोबरपासून सहा आठवडे आणि ठिकठिकाणचे वर्ग. अशा मोठ्या उपक्रमात नाव न नोंदवताही दोन शिक्षक आपापसात ठरवून हे करू शकतात. पहिल्या वर्षी तेच बरं.

याचा सगळा जीव एका गोष्टीत आहे. पुढे काय होणार हे दोन्ही वर्गांना एकाच वेळी माहीत नसतं. त्यामुळे तिकडच्या मुलांचे तर्क इकडच्या मुलांना खरोखर ऐकायचे असतात. एक वर्ग चार प्रकरणं पुढे गेला की बोलण्यातला रस संपतो आणि उरतो तो ‘तुमचं नाव काय, आवडता खेळ कोणता’ एवढाच परिचय. म्हणून पुस्तक, वेळापत्रक, जोडीदार वर्ग, देवाणघेवाण यांपैकी काहीही ठरवताना दोन्ही वर्ग बरोबरीने कसे राहतील, हाच प्रश्न आधी विचारावा.

पुस्तक निवडताना

तिसरी-चौथीसाठी शंभर ते दीडशे पानांची कादंबरी पुरते. प्रकरणं आठ-दहा पानांच्या आतली असावीत, म्हणजे एक-दोन बैठकांत संपतात. पहिल्याच प्रकरणात काहीतरी घडायला हवं. वीस पानं गावाचं वर्णन चाललं तर मागचे बाक गेलेच म्हणून समजा. ठळक पात्रं सहा-सात असावीत, त्याहून जास्त नकोत. चित्रांवर अवलंबून असलेलं पुस्तक टाळा, कारण चित्र पुढच्या दोन रांगांनाच दिसतं. ज्यावर नुकताच चित्रपट आला आहे तेही टाळा, कारण निम्म्या वर्गाला शेवट ठाऊक असतो.

ऐकून समजण्याची मुलांची पातळी प्राथमिक वर्षांत स्वतः वाचून समजण्यापेक्षा वरची असते. त्यामुळे मुलं स्वतः वाचू शकतील त्याहून थोडं अवघड पुस्तक चालतं. मात्र अवघड असावं ते कथेत, वाक्यांत नाही. याची परीक्षा सोपी आहे. कोणतीही तीन पानं उभं राहून मोठ्याने वाचा. तीनपेक्षा जास्त ठिकाणी दम तुटला किंवा वाक्य पुन्हा सुरू करावं लागलं, तर ती भाषा डोळ्यांसाठी लिहिलेली आहे, कानांसाठी नाही. अनुवादित पुस्तकांत हा दोष जास्त आढळतो.

आणि पुस्तक शेवटपर्यंत वाचल्याशिवाय निवडू नका. मृत्यू, मारहाण, शिव्या, एखाद्या समाजाबद्दल हिणकस शेरा असं काही अकराव्या प्रकरणात अचानक समोर आलं, तर वर्गासमोर गाळायलाही वेळ मिळत नाही आणि पालकांना आधी सांगायची संधीही गेलेली असते.

हिशोब

‘रोज एक प्रकरण’ हे वेळापत्रक नव्हे. घड्याळ लावून तीन पानं वर्गात वाचाल त्या गतीने वाचा आणि सरासरी काढा. साधारण अडीचशे शब्दांचं पान मुलांसाठी वाचताना अडीच मिनिटं घेतं. ११० पानांना २७५ मिनिटं झाली. वीस मिनिटांच्या बैठकीत प्रत्यक्ष वाचन चौदा मिनिटंच होतं. बाकीचा वेळ बसणं, आदल्या दिवसाची उजळणी आणि शेवटचं बोलणं यांत जातो. म्हणजे वीस बैठका. आठवड्यातले चार दिवस वाचन आणि पाचवा दिवस जोडीदार वर्गासाठी धरला तर पाच आठवडे होतात. सहावा आठवडा मोकळाच ठेवायचा. चाचण्या, सुट्ट्या, शिक्षकांची आजारपणं त्यात जिरतात.

दिवसातली वेळ ठरलेली हवी. ‘अभ्यास लवकर संपला तर वाचू’ असं म्हटलं की आठवड्यातून दोनदाच वाचन होतं. मधल्या सुट्टीनंतरची वेळ चांगली, कारण मुलं दमून शांत झालेली असतात. शेवटची तासिका वाईट. दप्तरं भरायची घाई असते आणि रंगात आलेला प्रसंग घंटेने तुटतो. प्रसंग उत्कंठेवर तोडायचा असतो हे खरं, पण ती जागा तुम्ही ठरवायची, घंटेने नाही.

वाचताना

आदल्या दिवशी ती पानं पेन्सिल घेऊन वाचा. श्वास घ्यायच्या जागी उभी रेघ, थांबायच्या जागी फुली आणि गाळायच्या वर्णनाला कंस. कुठे थांबायचं हे त्या क्षणी सुचत नाही. तो प्रसंग आपल्यालाही ओढून नेतो.

आवाज काढण्याचा मोह आवरा. मुख्य दोन-तीन पात्रांना वेगळेपण पुरे, आणि तेही घोगरा किंवा चिरका आवाज काढून नव्हे, तर गतीने: एक भरभर बोलतो, एक शब्द तोलून बोलतो. पहिल्या दिवशी घेतलेला चमत्कारिक आवाज पाचव्या आठवड्यापर्यंत टिकत नाही, घसा मात्र बसतो. कोणाला कोणती लकब दिली ते पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा, कारण बारा दिवसांनी परत आलेला म्हातारा वेगळ्याच आवाजात बोलला की मुलं लगेच पकडतात. ‘असं तो म्हणाला’ हे संवादाच्या शेवटी येतं, त्यामुळे कोण बोलतंय हे वाचणाऱ्याला आधीच माहीत हवं. लांब संवादांत बोलणाऱ्यांची आद्याक्षरं समासात लिहून ठेवली की गोंधळ होत नाही.

प्रत्येक अवघड शब्दाला थांबू नका. पुढे अर्थ उलगडणार असेल तर सोडून द्या. नसेल तर त्याच दमात समानार्थी शब्द जोडा आणि पुढे चला. एका बैठकीत प्रश्नासाठी दोनदाच थांबायचं. ‘त्याच्या टोपीचा रंग कोणता होता?’ असा प्रश्न विचारला की मुलांना परीक्षेचा वास येतो आणि ती गोष्ट ऐकायचं सोडून तपशील पाठ करू लागतात. ‘ती खरं बोलतेय असं वाटतं का?’ हा प्रश्न कामाचा.

ऐकताना चित्र काढायला परवानगी द्या, टिपणं काढायला सांगू नका. भिंतीवर पात्रांचा तक्ता लावा: नाव, कोणाचं कोण, एक खूण. रोज एका मुलाने दोन मिनिटांत मागची हकीगत सांगायची, पाळी हजेरीच्या क्रमाने. कालच्या गैरहजर मुलांची सोय त्यातच होते, आणि वर्गाला नेमकं काय समजलं नाही हे तुम्हाला आयतं कळतं. ‘तो मामा की काका?’ यावर तीन मतं निघाली तर आज नवीन प्रकरण थांबवून तक्ता दुरुस्त करा.

मुलांनी स्वतःहून पाळीपाळीने वाचावं का? या उपक्रमात नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. अडखळत वाचणाऱ्या मुलाची त्यात परीक्षा होते आणि बाकीच्यांची गोष्ट तुटते. वाचनाच्या सरावाला दुसरी तासिका आहे.

जोडीदार वर्ग

वय जुळणं सर्वांत महत्त्वाचं. एका इयत्तेचा फरक चालतो, दोनचा नाही, कारण मोठी मुलं लगेच शिकवण्याच्या सुरात बोलू लागतात. त्यानंतर बघायचं ते शाळेचं वर्ष: त्यांच्या सुट्ट्या आणि परीक्षा तुमच्या सहा आठवड्यांत कुठे येतात? पट फार वेगळा असेल तर गटांची संख्या सारखी ठेवा, गटातली मुलं कमी-जास्त असू द्या.

एकाच वर्गावर विसंबू नका. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एखादा शिक्षक हमखास गप्प होतो. मन नसतं असं नाही, शाळेचं दुसरं काम अंगावर पडलेलं असतं. दोन जोडीदार असले तर मुलांची निराशा टळते. चार-पाच मात्र घेऊ नका, कारण मग कोणालाच नीट उत्तर जात नाही.

सुरुवातीलाच एका पानावर हे लिहून घ्या: कोणती आवृत्ती, कोणत्या शुक्रवारपर्यंत कोणतं प्रकरण, कोणत्या दिवशी कोणी काय पाठवायचं, उत्तर किती दिवसांत, आणि मागे पडल्यास कळवायचं कसं. आवृत्तीबद्दल एक खाचखळगा आहे. पान क्रमांक आवृत्तीगणिक बदलतात आणि अनुवादात किंवा संक्षिप्त आवृत्तीत प्रकरणांची विभागणीही वेगळी असू शकते. म्हणून थांबण्याची जागा प्रकरणाचा क्रमांक आणि त्याचं शेवटचं वाक्य अशी दोन्हीने नोंदवा. एक वर्ग पुढे जाऊ पाहत असेल तर त्याने थांबायचं, मागच्याने धावायचं नाही. मधल्या दिवसांत लघुकथा वाचावी. घरी पुस्तक मिळवून पुढे वाचणारी दोन-तीन मुलं प्रत्येक वर्गात असतातच. त्यांना रागवू नका. त्यांच्याकडे गुपित राखण्याचं काम सोपवा आणि ‘तर्क’ वाटणाऱ्या फेरीत त्यांना लेखनिक करा.

काय पाठवायचं

तीस मुलांच्या तीस चिठ्ठ्यांना तीस उत्तरं कधीच येत नाहीत, आणि ज्याला उत्तर आलं नाही ते मूल पुढच्या वेळी लिहीत नाही. पाच-पाचचे सहा गट करा आणि प्रत्येक गटाची एकच चिठ्ठी ठेवा. समोरच्या गटाचा क्रमांक ठरलेला असावा: आमचा तीन तुमच्या तीनला.

पहिल्या आठवड्यात परिचय थोडक्यात उरका. वर्ग वेगवेगळ्या प्रदेशांतले असतील तर हो-नाही प्रश्न विचारून एकमेकांचं ठिकाण ओळखण्याचा खेळ ठेवता येतो. नकाशा घेऊन बसलेला गट, प्रश्न ठरवणारा गट, उत्तरं नोंदवणारा गट अशी कामं आधी वाटून द्या, नाहीतर चारच मुलं बोलतात. दुसऱ्या आठवड्यापासून फक्त पुस्तक. तर्क, पात्राला पत्र, प्रसंगाचं चित्र यांपैकी काहीही चालेल, पण सर्वांत चांगलं चालतं ते हात वर करून मतदान: ‘तिने पत्र लपवलं ते बरोबर केलं का?’ आमच्याकडे १९ विरुद्ध ११, तुमच्याकडे? आकडा पाठवायला मिनिट लागत नाही आणि तो उलटा आला की वाद आपोआप पेटतो.

‘छान लिहिलंय’ हा सगळ्यांत मोठा रोग. त्यावर उपाय म्हणजे वाक्याची सुरुवात फळ्यावर देणं: ‘आम्हाला उलट वाटलं, कारण…’, ‘तुम्ही म्हणता ते खरं असेल तर मग…’, ‘हे तुम्ही कोणत्या वाक्यावरून ठरवलं?’ चौथ्या आठवड्यात मुलांना या कुबड्या लागत नाहीत.

जोडीदार वर्गाची भाषा वेगळी असेल तर मुलांनी आपल्याच भाषेत लिहावं. यंत्राकडून भाषांतर करून घ्यायचं असेल तर आधी शुद्धलेखन दुरुस्त करा. एका चुकलेल्या मात्रेने तिकडे भलतंच वाक्य पोचतं. कागदी पत्रं पाठवायची तर पहिल्या आठवड्यातच टाकायला हवीत, कारण परदेशी टपालाला कित्येक आठवडे लागू शकतात.

व्हिडिओ कॉल

सहा आठवड्यांत एक किंवा दोन, प्रत्येकी वीस-पंचवीस मिनिटं. त्याहून लांबला की मुलं पडद्यात स्वतःलाच बघत बसतात. आदल्या दिवशी त्याच खोलीतून, त्याच वेळी दोन्ही शिक्षकांनी चाचणी कॉल करावा. खिडकी मुलांच्या पाठीमागे नको, नाहीतर तिकडे नुसत्या सावल्या दिसतात. बोलणाऱ्याने मायक्रोफोनपाशी येऊन बोलावं; जागेवरून बोललेलं पोचत नाही. एक वर्ग बोलत असताना दुसऱ्याने आपला आवाज बंद ठेवला नाही तर प्रतिध्वनी घुमतो. सहा प्रश्न, सहा मुलं आणि त्यांचा क्रम आधी ठरवून एकमेकांना पाठवा.

वेळ जुळवताना एक फसगत ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नेहमी होते. युरोपात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात, अमेरिकेच्या बहुतांश भागात नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, आणि ऑस्ट्रेलियाच्या काही राज्यांत ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पुढे जातात. सप्टेंबरात ठरवलेली वेळ त्या आठवड्यात पुन्हा तपासा.

एका ॲपवर सगळी योजना उभी करू नका. व्हिडिओ-उत्तरांसाठी वर्गांत लोकप्रिय असलेलं फ्लिप हे स्वतंत्र ॲप २०२४ मध्ये बंद झालं, स्काइप मे २०२५ मध्ये. ईमेलला जोडलेली फाइल दुसरी सोय म्हणून कायम ठेवा. पॅडलेटसारखा ऑनलाइन फलक वापरत असाल तर ‘शिक्षकाच्या मंजुरीनंतरच दिसेल’ ही सोय चालू करा. मुलांची फक्त पहिली नावं किंवा गट क्रमांक वापरा. चेहरा किंवा आवाज बाहेर जाणार असेल तर पालकांची लेखी परवानगी वाचन सुरू होण्याआधीच घ्या, कॉलच्या आदल्या दिवशी नव्हे. ज्यांची परवानगी नाही त्यांना प्रश्न लिहिणं, वेळ पाहणं, नकाशा सांभाळणं अशी कॅमेऱ्यामागची खरी कामं द्या. स्वतःच्या वाचनाचं रेकॉर्डिंग इंटरनेटवर टाकणं हा वेगळा विषय आहे. त्याला प्रकाशकाची परवानगी लागते. दोन्ही वर्गांनी आपापली प्रत वाचायची आणि फक्त प्रतिक्रिया पाठवायच्या, यात ती अडचणच येत नाही.

शेवटचं प्रकरण

यासाठी चाळीस मिनिटं राखून ठेवा आणि शक्यतो दोन्ही वर्गांनी एकाच दिवशी वाचा. मुलांना लगेच लिहायला बसवू नका. लेखन दुसऱ्या दिवशी. समारोपाच्या कॉलला दुसऱ्या आठवड्यातले तर्कांचे कागद काढा आणि कोणाचा तर्क किती जवळ गेला ते दोन्ही वर्गांनी मिळून ठरवा. जोडीदार वर्ग मध्येच गळाला असेल तर हेच काम शेजारच्या तुकडीबरोबर होतं, फक्त त्यांना तर्क वाचून दाखवताना आधी कथा थोडक्यात सांगावी लागते. पेन्सिलच्या खुणांची ती प्रत आणि प्रत्यक्षात कोणत्या दिवशी कुठपर्यंत पोचलात याची नोंद एकत्र ठेवा; पुढच्या वर्षी जोडीदार शोधताना तीच पाठवायची.