विम्याच्या क्लेमची फाईल स्वतंत्र मेडिकल रिव्ह्यूला पाठवताय? आधी हे बघून घ्या

कागदांचा गठ्ठा स्कॅन केला, मेल टाकला, झालं काम, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण रिव्ह्यू करणारा, म्हणजे क्लेमवर वैद्यकीय मत देणारा बाहेरचा डॉक्टर बहुतेक वेळा पेशंटला बघतच नाही, त्याच्यासमोर असते ती फक्त फाईल, त्यामुळे फाईलमधे जे नाही ते त्याच्या लेखी झालेलंच नाही.

म्हणून कागद लावायच्याही आधी प्रश्न लिहून काढा. ‘क्लेम द्यायचा का’ हे डॉक्टरला विचारायचंच नसतं, पॉलिसीत काय बसतं ते कंपनीने बघायचं. डॉक्टरला विचारायचं ते असं, की ॲडमिट करायची गरज होती का ओपीडीत भागलं असतं, दुखणं अपघातामुळेच आलं का आधीपासून होतं. एका प्रश्नात एकच गोष्ट. आणि ‘उपचार अनावश्यक होते हे कन्फर्म करावे’ असलं तर चुकूनही लिहू नका, उत्तर आधीच ठरवून विचारलेला प्रश्न अपिलात लगेच उघडा पडतो. वैद्यकीय गरजेची पॉलिसीतली व्याख्या मात्र जशीच्या तशी जोडा, नाहीतर डॉक्टर आपल्या मनातल्या व्याख्येने उत्तर देणार.

मग कागद. तारखेप्रमाणे लावा, पान नंबर टाका, डबल झालेल्या कॉप्या काढून टाका, वरती छोटी अनुक्रमणिका. नुसत्या डिस्चार्ज समरीवर जाऊ नका, तो शेवटी लिहिलेला गोषवारा असतो. खरी माहिती नर्सिंग चार्ट आणि औषधांच्या शीटमधे सापडते, ताप कधी उतरला, शिरेतून औषध कधी थांबलं, गोळ्या कधी सुरू झाल्या, आणि ॲडमिशन किती दिवस लागत होतं हे ठरवायला तेच लागतं. एक्सरे, एमआरआयचे नुसते रिपोर्ट नकोत, इमेजपण द्या. ऑपरेशन असेल तर ऑपरेशन नोट हवीच.

जुळत नाही ते लपवायचं नाही आणि दुरुस्तही करायचं नाही. समजा पहिल्या तपासणीच्या कागदावर डायबेटिस एक वर्षापासून आणि समरीत दहा वर्षांपासून असं असेल, किंवा एका पानावर डावा गुडघा आणि दुसऱ्यावर उजवा, तर दोन्ही पान नंबर देऊन कव्हर लेटरमधे सरळ लिहा. मागवूनही न मिळालेल्या कागदांचंही तसंच. पेशंटच्या बाजूने आलेलं त्याच्या डॉक्टरचं पत्र गाळणं हा तर निव्वळ आगाऊपणा.

रिव्ह्यूअर त्याच विषयातला हवा, मणक्याच्या ऑपरेशनला त्वचेचा डॉक्टर काय कामाचा. उपचार करणाऱ्या हॉस्पिटलशी किंवा या क्लेमशी रिव्ह्यूअरचा काही संबंध नाही हे लेखी घ्या. पेशंटची संमती फाईलला लागलीय का बघा, केसशी संबंध नसलेली खाजगी माहिती पाठवू नका.

रिपोर्ट आल्यावर प्रत्येक प्रश्नाचं उत्तर कारणासकट आणि पान नंबरसकट आलंय का तपासा. राहिलं असेल तर खुलासा लेखीच मागा, फोनवर नको, आणि खुलासाच मागा, मत बदलायला सांगू नका.